४१ डिग्रीत मेलेलं जंगल, ४७ डिग्रीत जगणारं जंगल

ब्रोकनवासी | शनिवार, रात्री ९.४०

२०१६ साली आई-बाबा पहिल्यांदा जर्मनीला आले, तेव्हा त्यांना हार्ट्झच्या डोंगरात फिरायला नेलं होतं. आमच्या ब्राउनश्वाइगहून टोर्फहाउस गाडीनं तासाभरावर. तिथून ब्रोकनच्या माथ्यापर्यंत (११४१ मीटर, हार्ट्झमधलं सगळ्यात उंच शिखर) आठेक किलोमीटरची पायवाट, आणि ती बरीचशी स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या गर्द राईतून. बाबा मध्येच थांबून म्हणाले होते, "भर दुपारी तिन्हीसांज झाल्यासारखी वाटतेय रे."

गेल्या ऑक्टोबरात तीच वाट पुन्हा चाललो. व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "वणवा लागला होता का?" डोंगरभर करडे, साल सुटलेले खांब उभे. वणवा नव्हे. २०१८चा उन्हाळा, २०१९चा उन्हाळा आणि तांदळाच्या दाण्याहून लहान एक किडा.

तेव्हापासून "जंगल म्हणजे कार्बनची तिजोरी" असं कुणी म्हटलं की मला चिडायला होतं. तिजोरीतलं सोनं उन्हाळा कडक गेला म्हणून कमी होत नाही.

झाड पानांवरची रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि त्याच दारातून पाणी बाहेर जातं. जमीन कोरडी आणि हवा तापलेली असली की झाड कात्रीत सापडतं. दारं लावून घेतली तर पाणी वाचतं, पण जेवण बंद. उघडी ठेवली तर मुळांपासून शेंड्यापर्यंत ताणलेली पाण्याची धार तुटते, खोडातल्या नळ्यांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि शेंडा वाळायला लागतो. शिवाय दारं बंद असली तरी झाडाचा श्वास चालूच असतो आणि उकाड्यात तो वाढतो. म्हणजे मिळकत बंद आणि घरखर्च चढा.

स्प्रूसची मुळं उथळ. मूळचा थंड, ओल्या डोंगरांचा गडी. त्याच्या सालीखाली शिरणाऱ्या किड्याला इथे 'बुखड्रुकर' म्हणतात, म्हणजे छापखानेवाला. साल सोलली की आत पानावर ओळी छापल्यासारख्या रेघा दिसतात म्हणून. धडधाकट झाड या किड्याला राळेत बुडवून मारतं. तहानलेल्या झाडाकडे राळच नसते. एका किड्याला जागा मिळाली की तो वासानं बाकीच्यांना बोलावतो. गार वर्षात त्याच्या एक-दोन पिढ्या होतात, लांब उन्हाळ्यात तीन. तीन पिढ्यांत एका मादीचं गोत लाखावर जाऊ शकतं, असं इथले वनरक्षक सांगतात.

आता आकडे. जर्मनीत दर दहा वर्षांनी जंगलाची मोजणी होते. देशभर चार किलोमीटरची चौकट आखून ठरलेल्या जागी माणसं जातात आणि झाडांचे घेर, उंची मोजतात. २०२२च्या मोजणीचा निकाल ऑक्टोबर २०२४मध्ये आला. २०१७पासून जर्मन जंगलातला कार्बन ४ कोटी १५ लाख टनांनी घटला. जे जंगल दरवर्षी कार्बन खेचून घेत होतं, ते आता सोडतंय.

आपल्याकडच्या जंगलांबद्दल असं कुणी काही मोजतं का? इथे विदर्भातले, वनखात्यातले लोक आहेत म्हणून विचारतोय.

फक्त_वाचक | शनिवार, रात्री १०.०२

फोटो कुठेत? धागा छान. वाचनखूण साठवली.

ब्रोकनवासी | शनिवार, रात्री १०.१५

फोटो चढत नाहीयेत. उद्या लहान करून बघतो.

झाडीपट्टी | रविवार, सकाळी ६.३०

२०१९ला जर्मनीत पारा किती गेला होता हो?

ब्रोकनवासी | रविवार, सकाळी ११.०५

२५ जुलैला ४१.२. आजवरचा इथला उच्चांक.

झाडीपट्टी | रविवार, दुपारी ४.२०

एक्केचाळीस! बाप्पा! एक्केचाळीसला आमच्याकडे लग्नाच्या पंगती भर मांडवात उठतात. मी चंद्रपूर जिल्ह्यातला. मे महिन्यात ४७ झालं तरी कुणी सुट्टी देत नाही, आणि आमचा साग उभाच असतो.

आता गंमत बाजूला ठेवतो, कारण प्रश्न खरा आहे. तुमचा स्प्रूस ४१ला मरतो अन् साग ४७ला काहून मरत नाही? कारण ४७ होतं तेव्हा साग दुकान बंद करून बसलेला असतो. फेब्रुवारीपासून पानगळ. एप्रिलात रानात शिरा, सगळे सांगाडे. साग, ऐन, धावडा, बिबला, सगळ्यांची तीच तऱ्हा. पळस आणि मोह त्याच दिवसांत फुलतात, तेवढीच शोभा. पानच नाही तर पाणी जाणार कुठून? तुमच्या स्प्रूसला बारा महिने सुया वागवाव्या लागतात, त्याला दुकान बंद करता येत नाही.

म्हणजे आमच्या जंगलाची कार्बनची कमाई जून ते डिसेंबर. आमच्या शेजारी मध्य प्रदेशात बैतूलच्या सागवनात एक मनोरा उभा केलेला आहे, शेंड्यांच्याही वर निघणारा. त्यावरची यंत्रं हवेच्या प्रत्येक झुळकेबरोबर कार्बन डायऑक्साइड वर गेला की खाली आला ते मोजतात. पाऊस पडला आणि पालवी भरली की जंगल ओढून घेतं, उन्हाळ्यात जवळजवळ निजलेलं.

मग आमच्याकडे दुष्काळ म्हणजे उन्हाचा आकडा नव्हे. पाऊस तीन आठवडे उशिरा आला आणि सप्टेंबरातच आटोपला, तो दुष्काळ. दुकानाचे दिवसच कमी झाले. झाड मरत नाही, वाढत नाही. वरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही, पण खोड कापलं तर त्या सालचं वलय दोऱ्यासारखं बारीक. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेतल्या लोकांनी केरळातल्या सागाच्या वलयांवरून ५२३ वर्षांची नोंद काढली आहे. एल निनोची, पावसानं दगा दिल्याची वर्षं त्यात सापडतात. तुमचं जंगल एकदम मेलं म्हणून दिसलं. आमचं उपाशी राहतं, ते दिसत नाही.

हिशेबी_माणूस | रविवार, रात्री ८.४५

झाडीपट्टींचा प्रतिसाद धाग्याइतकाच भारी.

माझा धंदा हिशेबाचा, म्हणून विचारतो. ४.१५ कोटी टन कार्बन म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत ३.६७नं गुणायचं, म्हणजे सुमारे १५.२ कोटी टन. बरोबर? पण मुळात साठा किती होता? आणि मेलेलं झाड अजून उभंच असेल तर त्यातला कार्बन गेला कुठे? खांब तर तुम्हीच बघून आलात.

ब्रोकनवासी | रविवार, रात्री ११.३०

गुणाकार बरोबर. साठा सगळा मिळून, म्हणजे लाकूड, माती, पालापाचोळा धरून, सुमारे २२० कोटी टन कार्बन. म्हणजे दोन टक्केही गेला नाही. एवढंच ऐकलं तर माणूस म्हणेल, मग रडतोस कशाला?

रडतो ते व्याजासाठी. मुद्दल मोठं आहे, पण देशाचं हवामानाचं अंदाजपत्रक दरसालच्या व्याजावर बेतलेलं असतं. जर्मनीच्या कायद्यात लिहिलंय की जंगल, जमीन, दलदल मिळून २०३०पर्यंत वर्षाला २.५ कोटी टन कार्बन डायऑक्साइड शोषून घेतील. तुमचा १५.२ कोटींचा आकडा पाच वर्षांवर पसरा, वर्षाला तीन कोटी टन उलट्या दिशेनं. आणि जी झाडं जगली त्यांची वाढही आधीच्या दशकापेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी मंदावली. हे मला मेलेल्या झाडांपेक्षा जास्त लागलं. झाडीपट्टी म्हणतात तीच उपासमार, फक्त इथे कुणीतरी टेप घेऊन मोजली.

उभ्या खांबांबद्दल: तुमची शंका रास्त आहे. झाड मेलं त्या दिवशी कार्बन उडून जात नाही. बुरशी, भुंगेरे त्याला वर्षानुवर्षं खातात, खोड पडायलाच दहा-वीस वर्षं लागू शकतात. ब्रोकनच्या आसपास राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे मेलेली झाडं मुद्दाम तशीच ठेवतात. उद्यानाबाहेर मात्र किड लागलेलं झाड लगेच तोडून बाहेर काढतात. त्या वर्षांत लाकूड इतकं आलं की भाव कोसळले, कंटेनर भरभरून चीनला गेलं. त्यातलं जे घराच्या वाशात गेलं त्याचा कार्बन अजून शाबूत, जे भट्टीत गेलं त्याचा धूर झाला. मोजणीत दोन्ही 'जंगलातून गेलं' याच खात्यात.

शंकेखोर | सोमवार, सकाळी १०.१०

माफ करा, पण हा एकतर्फी रडगाण्याचा सूर पटत नाही. कार्बन डायऑक्साइड हे झाडाचं अन्न आहे, हरितगृहात तो मुद्दाम सोडतात. नासानंच २०१९मध्ये सांगितलं की पृथ्वी हिरवी होतेय आणि त्यात भारत-चीन पुढे आहेत. एका किड्यावरून अख्ख्या जगाचा निष्कर्ष?

शिवाय स्प्रूस तिथे लावला कुणी? माणसानंच ना? मग दोष उष्म्याचा कसा?

ब्रोकनवासी | सोमवार, संध्याकाळी ७.५०

दुसरा मुद्दा निम्मा मान्य. हार्ट्झमध्ये शेकडो वर्षं चांदीच्या खाणी चालल्या, त्यांना टेकूला आणि भट्टीला लाकूड लागायचं, म्हणून लवकर वाढणारा स्प्रूस लावत गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी भरपाई म्हणून झाडं तोडून डोंगर बोडके केले, ते बायकांनी रोपं लावून पुन्हा उभे केले. जुन्या ५० फेनिशच्या नाण्यावर रोप लावणारी बाई आहे ती त्यांचीच आठवण. नाण्यावरचं रोप ओकचं आणि डोंगरात लावला बहुतेक स्प्रूस! ओक लावला असता तर आज हा धागा निघाला नसता, किंवा निराळा निघाला असता. निराळा म्हणतो कारण २०१८-१९मध्ये थुरिंगियातल्या हाइनिख जंगलातले बीच वृक्षही वाळले. ते कुणी ओळीत लावलेले नव्हते, तिथलेच आहेत.

पहिला मुद्दा. अन्न ताटात वाढलंय, पण तोंड उघडता येत नाही. दुष्काळात झाडाचं हेच होतं. २००३च्या उष्म्यात युरोपभरच्या मनोऱ्यांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा वनस्पतींची कमाई त्या साली सुमारे ३० टक्क्यांनी घसरलेली निघाली. सुमारे चार वर्षांची शिल्लक एका उन्हाळ्यात गेली. हवेत कार्बन डायऑक्साइड तेव्हाही मुबलक होता, नव्हतं ते पाणी.

नासाचा अहवाल भारताबद्दल काय म्हणतो तेही वाचा. आपल्याकडची हिरवाई ८० टक्क्यांहून जास्त शेतीची. उसाचं रान उपग्रहाला हिरवंगार दिसतं, कारखान्यात गेलं की संपलं. हिरवा रंग म्हणजे लाकूड नव्हे.

झाडीपट्टी | सोमवार, रात्री ९.१५

उसाचं उदाहरण घेऊन कोल्हापूरकरांना अंगावर घेतलंत.

कॅलिफोर्नियाची_काकू | मंगळवार, पहाटे ५.४०

इथे संध्याकाळ आहे, दचकू नका.

आम्ही फ्रेस्नोजवळ राहतो, सिएरा नेवाडाचा दक्षिणेकडचा भाग आमच्या घरामागचाच म्हणायचा. २०१२ ते २०१६ पाऊस-बर्फ नाहीच म्हणा. पाँडेरोसा पाइन आधी शेंड्याला तांबूस व्हायचा, मग सगळा विटकरी. मुलं गाडीतून विचारायची, "आई, ही शिशिरातली झाडं का?" पाइनला कुठला शिशिर! २०१७च्या अखेरीपर्यंत राज्यात १२ कोटी ९० लाख झाडं मेल्याचा वनखात्याचा अंदाज होता. किडा इथेही होताच, तुमच्या छापखानेवाल्याचा चुलतभाऊ. २०२०मध्ये त्याच पट्ट्यात 'क्रीक फायर' नावाचा वणवा पेटला. शंकेखोरांसाठी सांगते, ब्रोकनवासींचं जंगल अजून सावकाश कुजतंय. आमचं चार महिन्यांत धूर होऊन गेलं. आम्ही सप्टेंबरात दिवसा दिवे लावून बसलो होतो आणि अंगणात वाळत घातलेल्या साड्यांवर राख.

आता हिशेबी_माणूस यांच्यासाठी खास. इथे जंगलाचा कार्बन विकतात. कारखाना म्हणतो, मी धूर सोडतो, तू शंभर वर्षं तुझी झाडं सांभाळ, हे घे पैसे. झाडं जळलीच तर? म्हणून प्रत्येक सौद्यातला थोडा हिस्सा राखीव ठेवतात, विम्यासारखा. २०२२मध्ये अभ्यासकांनी हिशेब मांडला. आगीसाठी शंभर वर्षांना पुरावा म्हणून ठेवलेल्या राखीव हिश्शापैकी किमान ९५ टक्क्यांइतकं नुकसान पहिल्या दशकातच झालेलं होतं. दुष्काळ आणि किड्यासाठीचा हिस्सा निराळा, त्याचं गणित पुढेच.

हिशेबी_माणूस | मंगळवार, सकाळी ९.०५

असा विमा विकणारी कंपनी आपल्याकडे असती तर लोकांनी कचेरी फोडली असती.

काकू, हे मला माहीतच नव्हतं. आमच्या एका ग्राहक कंपनीनं माळरानावर झाडं लावून 'कार्बन न्यूट्रल' असं वार्षिक अहवालात छापलं होतं. मीच ती फाइल तपासली. रोपांची संख्या, खड्ड्यांचा खर्च, कुंपणाचं बिल, सगळं होतं. तीन वर्षांनी किती जगली, असा रकानाच नव्हता. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "सर, तो ऑडिटचा विषय नाही." सही मी केली. आज लिहिताना बरं वाटत नाहीये.

मंडल्याचा | मंगळवार, दुपारी १.३०

किड्याचा विषय निघाला म्हणून राहवत नाही. माझं बालपण मध्य प्रदेशात मंडल्याला गेलं, वडील तिकडे नोकरीला. १९९६ ते ९८ तिथे साल वृक्षांच्या जंगलात 'साल बोरर' (खोड पोखरणारा किडा) आला होता. लाखो झाडं तोडावी लागली. किडा पकडायची रीत अशी, पावसाळा लागला की एखादं झाड पाडायचं, त्याचे ओंडके करून टोकं ठेचायची. ताज्या रसाच्या वासानं भुंगेरे लांबून यायचे, रस पिऊन झिंगायचे आणि लोक ते वेचायचे. मोजून पैसे मिळायचे. आम्ही पोरांनी शाळा बुडवून किती भुंगेरे वेचले असतील!

पण ब्रोकनवासी, तो किडा पावसाळ्यात उठतो. तेव्हा दुष्काळाचं नव्हे, ओल्या हवेचं आणि म्हाताऱ्या, दाट झाडांचं कारण सांगत होते. त्यामुळे किडा आला की उष्म्यावर ढकललं, असं सरसकट नको.

ब्रोकनवासी | मंगळवार, संध्याकाळी ६.४०

मंजूर. 'किडा म्हणजे उष्मा' असं माझ्या लिहिण्यातून वाटलं असेल तर ती चूक. स्प्रूसच्या बाबतीत कोरडेपणाचा दुवा पक्का आहे, सालच्या बाबतीत तुम्ही म्हणता तसं.

झिंगलेले भुंगेरे मात्र डोक्यातून जात नाहीयेत.

रानभूल | मंगळवार, रात्री १०.५०

मूळ प्रश्नाकडे येते, आपल्याकडे कुणी मोजतं का. मोजतात. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था दर दोन वर्षांच्या अहवालात कार्बनचा वेगळा हिशेब देते. २०२३च्या अहवालात देशाच्या जंगलांतला साठा ७२८.५५ कोटी टन आणि आधीच्या मोजणीपेक्षा ८.१५ कोटी टनांनी जास्त. आपण जगाला शब्द दिलाय की २०३०पर्यंत जंगलं आणि झाडं वाढवून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइडची जादा शोषण-क्षमता उभी करू. त्यातला बराच टप्पा गाठला, असं तोच अहवाल म्हणतो.

पण त्या साठ्यातला निम्म्याहून जास्त वाटा मातीतला आहे. माझा जीव तिथे अडकतो. मी सिंधुदुर्गात देवराया बघत फिरते (शिकलेय वनस्पतिशास्त्र, पोटाला बँक). देवराईत पाय ठेवला की टाच रुतते, एवढा पालापाचोळा आणि खालची काळी माती. शेजारच्याच काजूच्या बागेत, जिथे दर उन्हाळ्यात झाडून-जाळून साफ करतात, टाच वाजते. वरून दोन्ही हिरवंच.

झाडीपट्टी, तुमच्याकडे मोहासाठी जाळतात ना अजून?

झाडीपट्टी | बुधवार, सकाळी ६.१५

जाळतात. मोहफुलं पाचोळ्यात दिसत नाहीत म्हणून झाडाखालचा जाळतात, तेंदूला नवी कोवळी पानं यावीत म्हणूनही. पूर्वी आग ओढ्याशी येऊन आपोआप विझायची, ओढ्यात ओल असायची. आता मार्चमध्येच ओढा ठणठणीत, आग त्याच्यावरून चालत जाते. वनरक्षक जाळरेषा काढून ठेवतात, पण वाऱ्यावर उडालेलं जळकं पान रेषा ओळखत नाही. मोठा साग यातून मरत नाही, साल काळी होते तेवढंच. मरतात ती गुडघ्याएवढी रोपटी. पुढचा साग तोच होता ना.

एक ऐनाचं सांगायचं राहिलं. काही ऐनांच्या बुंध्यावर फुगवटी असते, तिथे साल छाटली की आतून पाण्याची धार येते. २०२४च्या मार्चमध्ये आंध्रात पापिकोंडाच्या जंगलात वनाधिकाऱ्यांनी करून दाखवलं, त्याचा व्हिडिओ फिरला होता. आमच्या आजोबांना ते व्हिडिओशिवाय माहीत होतं. जंगलात गेलेला माणूस तहानेनं मरू नये म्हणून ऐन ठेवलाय, म्हणायचे. आता कुणी उगाच कुऱ्हाड घेऊन जाऊ नका.

शंकेखोर | बुधवार, दुपारी १२.२५

काकूंचा शंभर वर्षांचा विमा वाचून थोडा नरमलो आहे. पण एक विचारतो. हे सगळं युरोप-अमेरिकेचं झालं. ॲमेझॉनसारखी ओली जंगलं तरी सांभाळतील ना?

ब्रोकनवासी | बुधवार, रात्री ८.००

२००५, २०१०, २०१५-१६, २०२३-२४. वीस वर्षांत ॲमेझॉनवर चार मोठे दुष्काळ. ऑक्टोबर २०२३मध्ये ब्राझीलमधल्या मनाउसला रिओ नेग्रो नदीची पातळी शंभरएक वर्षांच्या नोंदीत सगळ्यात खाली गेली, पुढच्या वर्षी त्याहून खाली. विमानातून हवेचे नमुने घेऊन केलेला अभ्यास २०२१मध्ये आला, त्यात आग्नेय ॲमेझॉन घेण्यापेक्षा जास्त कार्बन सोडतोय असं निघालं. तिथे तोड आणि आगही आहेच, सगळं दुष्काळाच्या माथी नको. २०२३मध्ये जगभरच्या जमिनीनं मिळून जेमतेम ०.४४ अब्ज टन कार्बन घेतला, २००३नंतरचं सगळ्यात कमी, असा एका गटाचा हिशेब आहे. त्या साली कॅनडाही जळत होता.

फक्त_वाचक | बुधवार, रात्री ८.३०

फोटो?

ब्रोकनवासी | बुधवार, रात्री ९.१०

चढले एकदाचे. पहिला २०१६चा, बाबा डावीकडे, अंधारात फक्त टोपी दिसतेय. दुसरा गेल्या ऑक्टोबरातला, त्याच दगडावरून. खांबांच्या मधे जे पिवळं दिसतंय ते बर्च, लाल घोस म्हणजे रोवन. दोन्ही कुणी लावलेले नाहीत. माझ्या कमरेपर्यंत आलेत.

रानभूल | बुधवार, रात्री ९.२५

दुसऱ्या फोटोत उजवीकडच्या पडलेल्या खोडावर स्प्रूसचंच पिल्लू उगवलंय का? झूम करून बघा.

ब्रोकनवासी | बुधवार, रात्री ९.४०

हो की! बोटभर आहे. तिथे बसून मी डबा खाल्ला आणि मला दिसलं नाही.

कॅलिफोर्नियाची_काकू | गुरुवार, पहाटे ५.१५

पुढच्या मेमध्ये भाचीकडे हानोवरला येतोय. ही वाट साठीच्या गुडघ्यांना जमेल का? आणि वर शाकाहारी काही मिळतं का?

ब्रोकनवासी | गुरुवार, दुपारी १२.५०

जमेल काकू. चढ शेवटी आहे, उतरताना वाफेच्या इंजिनाची गाडी पकडा. ती टोर्फहाउसला येत नाही, शिर्केला उतरवते, तिथे मी गाडी घेऊन येईन. वर वाटाण्याचं सूप प्रसिद्ध आहे, पण विचारून घ्या, त्यात सॉसेज घालतात. डबा घरूनच आणतो, थालीपीठ. सावली नाही, टोपी आणा.